दारातल्या पाच गाड्या

देवगाव फाट्यावर माणसांइतक्याच गाड्या ओळखीच्या असतात. मंठ्याकडून आलेला रस्ता इथून चारठाणा-जिंतूरकडे जातो, आणि दुसरा फुटतो तो सेलूला. चहाच्या हॉटेलात पाठमोरा बसलेला म्हातारा नुसत्या आवाजावरून सांगतो की ही जिंतूरची एसटी आणि हा अमक्याचा ट्रॅक्टर. आम्ही चौघं भावंडं, दोन बहिणी आणि दोन भाऊ, इथंच रस्त्याकडेच्या घरात वाढलो. आमच्या दारात छप्पन वर्षांत एकामागून एक पाच गाड्या उभ्या राहिल्या. त्यांतली एकही कोरी नव्हती आणि एकीवरही बँकेचं कर्ज नव्हतं. पूर्णपणे आमची म्हणावी अशी तर एकही नव्हती, कारण रात्री-अपरात्री दार वाजलं की गाडी फाट्याची व्हायची.

पहिली जीप. आमच्या दादामियाँनी ती १९६९ साली शेजारच्या पाटलांबरोबर अर्ध्या भागात घेतली. एक आठवडा आमच्या दारात, एक आठवडा त्यांच्या. डिझेल-पेट्रोल ज्याचं त्यानं घालायचं, टायर मात्र दोघांत. या भागीदारीवरून दादामियाँ एक गोष्ट नेहमी सांगत. ही जीप ज्या कंपनीची, त्या महिंद्राचं १९४५ सालचं मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे कंपनीचं नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. एवढं सांगून दादामियाँ पाटलांकडे बघत आणि म्हणत, “आपली कंपनी मात्र अजून जुन्याच नावाची आहे.” पाटील दर वेळी नव्यानं हसत.

अम्मी या जीपमधून नवरी होऊन आली. १९७१चा उन्हाळा, पाथरीहून सेलूमार्गे सगळा कच्चा-पक्का रस्ता, आणि पडदा म्हणून जीपची ताडपत्री चारी बाजूंनी बांधलेली. अम्मी सांगते, “मी सासरचं काहीच पाहिलं नाही, फक्त धूळ खाल्ली.” पुढच्याच वर्षी १९७२चा दुष्काळ पडला. त्या जीपमध्ये मग माणसं कमी आणि पाण्याची पिपं जास्त फिरली. सरकारी मिलो ज्वारीची पोतीही तिच्यातूनच आली. ती लाल ज्वारी अम्मीला अजून नावानंही नको वाटते. थंडीत जीप सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. ते हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच म्हणून समजा, त्यामुळे अंगठा आत न घेता बोटांवर ठेवायचा, हे आपाला आणि भाईजानला लिहायला शिकण्याआधी येत होतं.

१९८१ साली भागीदारी मोडली. भांडण काही नव्हतं. पाटलांनी ट्रॅक्टर घेतला, जीप विकली आणि पैसे ओट्यावर बसून निम्मे-निम्मे मोजले.

त्याच वर्षी फियाट आली. पाठीमागे नाव होतं प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी म्हणताना आम्ही कुणालाच ऐकलं नाही. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ती बनायची, तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कंपनीचा. इटलीच्या फियाटशी करार करून त्यांनी ती गाडी इथं काढली आणि सत्तरच्या दशकात तिला हे नवं नाव दिलं. हे नाव ज्या राणीचं, तिची कथा घरोघर नेली ती मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या ‘पद्मावत’नं. अब्बा हे मोठ्या अभिमानानं सांगायचे, जणू कारखान्यात त्यांचा आणि जायसींचा मिळून हिस्सा होता.

अब्बांनी ही गाडी कशी घेतली ते इथं लिहायला हवं, कारण आजच्या घरांत हाच प्रश्न सगळ्यात अवघड झाला आहे. गाडी जालन्याच्या एका कापूस व्यापाऱ्याची, पाच वर्षं वापरलेली. नगदी भाव २४,०००. अब्बांकडे एवढे पैसे नव्हते. व्याजानं काढायचे म्हटले तर ते एकच वाक्य बोलायचे, “सूद की गाडी घर कू नक्को.” शेवटी त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं, चार वर्षांत देतो, तर भाव काय? तो म्हणाला २८,०००. म्हणजे दर वर्षी कापूस विकला की ७,०००. अब्बांनी सेलूच्या एका मौलानांना विचारलं. त्यांनी सांगितलं की उधारीचा भाव जास्त असला तरी चालतो, पण तो सौदा होतानाच ठरला पाहिजे आणि हप्त्याला उशीर झाला म्हणून पुढं वाढता कामा नये. मग तो व्यापार, सूद नाही. तिसऱ्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि हप्ता चार महिने लांबला. व्यापाऱ्यानं एक रुपयाही वाढवून मागितला नाही. अब्बा त्या माणसाचं नाव पुढं कायम दुआत घ्यायचे.

फियाटचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला होता आणि पुढची सीट एका बाकासारखी सलग. त्यामुळे पुढे अब्बा, मधे धाकटा, कडेला दादी, अशी रचना ठरलेली. मागे आम्ही उरलेले, अम्मी आणि कुणाचं तरी एखादं पोर. सकाळी चोक ओढून दोन मिनिटं थांबायचं, घाई केली की ती रुसायची. उन्हाळ्यात चढावर रेडिएटर तापला की अब्बा बोनेट उघडून उभे राहत आणि आम्हाला रस्त्याकडेच्या लिंबाखाली पाठवत. आमच्यातल्या निम्म्या गोष्टी, पाढे आणि कलमे त्या लिंबांखाली पाठ झाले आहेत. १९८४ साली दादामियाँ आणि दादी हजला निघाले ते याच गाडीतून सेलू स्टेशनला. टपावर कॅरियरला पत्र्याची ट्रंक बांधलेली, आत सहा महिन्यांचं सामान असावं इतकी जड. तेव्हा मुंबईहून बोटीनं जाणारे बरेच असत. बोट बंद झाली ती १९९५ साली. स्टेशनवर पोहोचवायला फाट्यावरची चाळीस माणसं आली होती, त्यातली अकरा फियाटमध्ये बसून. हा आकडा भाईजानचा आहे. धाकटी म्हणते नऊ. वाद अजून चालू आहे.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, तेव्हा पेपरातला फोटो अब्बांनी कापून ठेवला. काळी-पिवळी होती ती, आमची दुधी रंगाची. तरी त्यांनी फोटोवरून बोट फिरवून सांगितलं, “हिच्या डाव्या दाराची काच खाली जाताना अडकत असणार.” आमच्या गाडीची अडकायची.

तिसरी अ‍ॅम्बॅसडर, डिझेलवरची, १९८९ साली आली. फियाट विकून आलेले पैसे आणि वर बारा जणांची भिशी. हिच्याबद्दल लिहायला बसलं तर मासिकाचे सगळे अंक पुरणार नाहीत. आमच्या घरातली ती सगळ्यात मोठी, सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात लाडकी गाडी. अब्बा लग्नसराईत ती भाड्यानं देत आणि स्वतःच चालवत. मंठा, जिंतूर, सेलू, मानवत, कुठल्याही धर्माची नवरी असो, हार-फुलं लावलेली आमची अ‍ॅम्बॅसडरच दारात. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून झाले की शेजारची पोरं उरलेला रंग तिच्या बंपरला लावून जायची. तो रंग पुढच्या पोळ्यापर्यंत राहायचा.

याच गाडीच्या काळात अब्बांची वही सुरू झाली. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. तारीख, कुठून कुठं, कोण, भाडं. यात काही ओळींपुढे भाड्याच्या रकान्यात आकडा नसायचा, नुसतं ‘फी स.’ लिहिलेलं असायचं. त्या ओळी तीन तऱ्हेच्या लोकांच्या: बाळंतीण, मय्यत आणि हजला निघालेला माणूस. फाट्यावर तेव्हा दवाखान्याची गाडी नव्हती. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झाली २०१४च्या जानेवारीत. त्याआधीची पंचवीस वर्षं रात्री दोन वाजता आमच्या दाराची कडी वाजली की अम्मी दार उघडायच्या आधी अब्बांचा शर्ट शोधायची.

एका पावसाळ्यात जवळच्या तांड्यावरची एक बाई सेलूला नेताना अर्ध्या रस्त्यात मोकळी झाली. सोबत तिची सासू आणि आमची अम्मी. अब्बा गाडी थांबवून कंदील घेऊन पाठ फिरवून पावसात उभे राहिले. मुलगा झाला. आता तो ट्रॅक्टर चालवतो, दोन लेकरांचा बाप आहे, आणि तांड्यावर त्याला अजून ‘अब्बाच्या गाडीतला’ म्हणून ओळखतात. अब्बांच्या प्रत्येक गाडीच्या डिकीत जॅक आणि टॉमीच्या बाजूला एक धुतलेली पांढरी चादर घडी करून असे. जन्माला आणि मौतीला तीच लागते, म्हणायचे. शेजारच्या एका तरुणाला औरंगाबादच्या घाटीतून परत आणलं ते त्याच चादरीत, मागची सीट काढून. त्या रात्री अब्बा घरी आले आणि गाडी धुवून झाल्याशिवाय जेवले नाहीत.

मग जीपगाड्या आल्या, काळ्या-पिवळ्या. आत बारा, मागे लटकलेले चार, टपावर पोती. अ‍ॅम्बॅसडरला भाडं मिळेना. १९९७ साली तिला निरोप दिला तेव्हा धाकटा दोन दिवस बोलला नाही. तिच्या जागी आली मारुती ८००, नऊ वर्षं वापरलेली, पांढरी. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी चावी देऊन रवाना केली होती, हे आम्हाला शाळेत पाठ होतं. प्रत्यक्षात ती दारात येईपर्यंत आमचं बालपण संपलं होतं. अब्बांचे गुडघे तिच्यात मावेनात. ते तिला ‘माचिस’ म्हणत.

पण ही गाडी आपाची. आपा तेव्हा जिंतूरच्या उर्दू शाळेत नुकतीच लागलेली. एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा जुळत नव्हत्या. ती अब्बांना म्हणाली, मला शिकवा. फाट्यावर तोवर बाईला स्टेअरिंगवर कुणी पाहिलं नव्हतं. दोन बुजुर्ग घरी येऊन चहा पिऊन सांगून गेले की हे शोभत नाही. अब्बा ऐकून घेत होते. दादी आतून म्हणाली, “ऊंटां चलाए औरतां, ये तो डब्बा है.” बुजुर्ग चहा संपवून गेले. आपा पंधरा दिवसांत शिकली, पहाटे फजरनंतर, रिकाम्या रस्त्यावर. बुरख्याची बाही गिअरमध्ये अडकू नये म्हणून अम्मीनं मनगटाला रबर शिवून दिलं होतं. पुढे त्या दोघांतल्या एका बुजुर्गांच्या सुनेला दवाखान्यात न्यायची वेळ आली, अब्बा गावी नव्हते, आणि आपानंच तिला नेलं. वहीत त्या दिवशीची ओळ आपाच्या अक्षरात आहे. रकान्यात ‘फी स.’ जून २०१८ मध्ये सौदी अरबात बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, ती बातमी आपानं घरात मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाली, “एकवीस वर्षं उशीर केला यांनी.”

पाचवी इंडिका. पुण्यात घडलेली, टाटांची, डिझेल, २००५ची, एमएच-२२. आम्ही ती २००९ साली घेतली. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ती कधी फारशी बिघडलीच नाही, आणि न बिघडणाऱ्या गाडीच्या आठवणी कमी असतात. एवढंच की चावी अर्धी फिरवल्यावर हीटरचा दिवा लागायचा, तो विझेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्या वेळात सवारीची दुआ बरोबर पूर्ण व्हायची. नव्या गाड्या लगेच सुरू होतात. अब्बा म्हणायचे, दुआ म्हणायला वेळ देत नाहीत या.

२०२५च्या रमजाननंतर अब्बा अल्लाहला प्यारे झाले. चाळिसाव्यानंतर आम्ही चौघं आणि अम्मी बसलो. घर आणि शेत नंतर पाहू, आधी गाडीचं ठरवू, असं भाईजान म्हणाले, कारण गाडीला मुदत होती. इंडिकेची नोंदणी त्या वर्षाअखेर संपत होती. वीस वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर ऑगस्ट २०२५ पासून फी १०,००० रुपये झाली आहे. २०२२च्या एप्रिलपर्यंत ती ६०० होती, मग ५,००० झाली. शिवाय तपासणी, टायर, विमा. आमच्या भागात असा रिवाज आहे की गाडी मुलांकडे जाते आणि बहिणी “माफ केलं” म्हणतात. कुणी विचारतही नाही. धाकटी तसंच म्हणायच्या बेतात होती.

आपानं वही काढली. म्हणाली, “आधी कर्ज.” वहीच्या शेवटच्या पानावर गॅरेजच्या मिस्त्रीची बाकी होती, २,३५० रुपये. अब्बांच्या कपाटातल्या रोख पैशातून ती त्याच संध्याकाळी दिली. मिस्त्री घेत नव्हता. भाईजाननं त्याच्या टेबलावर ठेवली. मग दुल्हेभाईंनी वही चाळली आणि म्हणाले, इथं तर कितीतरी फीस यायची बाकी आहे, हीसुद्धा तरक्यातच धरावी लागेल. अम्मी पहिल्यांदा हसली. ‘फी स.’ म्हणजे फी सबीलिल्लाह. ते अल्लाहच्या नावावर लिहिलेलं होतं, वसूल करायचं नव्हतं. आम्ही त्या ओळी मोजल्या. २१४ भरल्या.

वसीयत काही नव्हती. दोन गॅरेजवाल्यांनी गाडीची किंमत सांगितली, एकानं ४५,००० आणि दुसऱ्यानं ५१,०००. मधला आकडा धरला, ४८,०००. आपानं वहीच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. अम्मीचा आठवा हिस्सा, ६,०००. उरले ४२,०००. दोन भाऊ, दोन बहिणी, भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक, म्हणजे सहा वाटे, सात-सात हजारांचे. भावांना १४,००० प्रत्येकी, बहिणींना ७,०००. मग ती म्हणाली, गाडी मी घेते. माझा हिस्सा वजा करून ४१,००० देते.

खोलीत सगळे गप्प. धाकटा म्हणाला, आपा, तुझ्याकडून पैसे घ्यायचे? घेऊन जा ना गाडी. धाकटी म्हणाली, मी तर माफच केलं. आपा आवाज न चढवता बोलली. म्हणाली, माफ करायला आधी हातात यावं लागतं. जे कधी दिलंच नाही ते माफ कसं करणार? आधी घे, मोज, मग कुणाला द्यायचे त्याला दे. आज गाडीचं आपण असं तोंडातल्या तोंडात सोडलं, तर उद्या मोठ्या गोष्टींनाही हक्कसोडीच्या कागदावर सह्या होतील. भाईजान बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी आपले १४,००० मोजून घेतले. ते घेतले म्हणूनच धाकट्यालाही घ्यावे लागले. धाकटीनं सात हजार पर्समध्ये ठेवले. त्यांचं पुढं काय केलं ते तिनं आम्हाला सांगितलेलं नाही, आणि विचारायचं कारणही नाही.

गाडी आपाच्या नावावर करायला मालकाच्या मृत्यूनंतरचा फॉर्म ३१ लागतो. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून आम्ही सगळे एका सोमवारी परभणीला आरटीओत गेलो, इंडिकेतूनच. आपा चालवत होती, अम्मी पुढे. दोन हेलपाट्यांत काम झालं. परत येताना सेलूच्या बाजारात आपानं गाडी थांबवली आणि एक पांढरी चादर घेतली. दुकानदारानं डबल बेडची दाखवली तर म्हणाली, सिंगल द्या, घडी लहान होते.

फाट्याजवळ आलो तेव्हा अम्मी इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती ती वळली आणि मागं बसलेल्या आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाली, “अब खेत का कब बैठते?”

पुढच्या रविवारी बसायचं ठरलं आहे. भाईजान सातबारा काढून आणणार आहेत.